शिवकन्याबाईंची शर्यत

गंगम्मा गेल्या आणि शिवकन्याबाईंच्या पहाटा रिकाम्या झाल्या. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं हे पाचला सुरू व्हायचं आणि मग दिवसभर घटकेघटकेला हाक यायची, "शिवकन्ये!" लिंगायतांच्या रुद्रभूमीत माती देऊन मंडळी परतली, पाहुणे पांगले, घर शांत झालं. डोळे मात्र पाचलाच उघडत राहिले. काही दिवस बाई नुसत्या पलंगावर बसून राहिल्या. मग चपला घालून फिरायला जाऊ लागल्या.

घर लातूरला, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. खाली भांड्यांचं दुकान, वर संसार. नवरा मलप्पा गल्ल्यावर बसायचा, दुपारी त्याला जेवायला सोडायला बाई खाली उतरायच्या. वय सत्तेचाळीस, माहेर उदगीर, एकुलती मुलगी बिदरला दिलेली. शाळेत खोखो खेळल्या होत्या, तेवढंच काय ते पळणं. सायकलला कधी हात लावलेला नव्हता. आणि पाणी म्हणाल तर लातूरच्या माणसाला ते टाकीत दिसतं. ज्या गावात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, तिथं माणसं पैसे भरून पाण्यात हातपाय मारतात, ही गोष्ट बाईंना ऐकूनही खरी वाटत नव्हती.

ती खरी असल्याचं ज्योत्स्ना मॅडमनी सांगितलं. मॅडम कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या, मूळच्या हदगावकडच्या. फिरता फिरता दोघींची ओळख झाली होती.

"ताई, पाण्यात या माझ्यासंगं. बायकांची वेगळी बॅच हाय."

"मला न्हाई येत पवायला."

"मला तरी कुठं येत होतं? आमच्या बापाला गावच्या विहिरीत कुणी उतरू देत नव्हतं. मग मला कोण शिकवणार? मी चाळिशीत शिकले."

मॅडमनी हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात बाई पोहण्याच्या तलावावर गेल्या.

पहिला महिना काठाचा पाइप धरण्यात गेला. तोंड पाण्यात घालायचं म्हटलं की छातीत धडधडायचं. आजूबाजूला पोरीबाळी माशासारख्या सुळसुळत जायच्या. बाई पाइप धरून पाय हलवत राहिल्या. आजारी माणसाची सेवा केलेल्या माणसाला एकच गोष्ट रोज तशीच करत राहण्याचा कंटाळा नसतो. एक दिवस पाइप सुटला आणि त्या बुडाल्या नाहीत. एवढंच झालं.

सायकल त्यापेक्षा कठीण गेली. मॅडमच्या भाच्याची जुनी सायकल घेऊन त्या मैदानावर शिकल्या. कोपर फुटलं, हनुवटीला टाका पडला. मलप्पाचे चुलते गुरुबसप्पा मुद्दाम दुकानात येऊन बसले.

"सून सायकल चालवून राहिली म्हणे?"

"चालवून राहिली," मलप्पा म्हणाला. "पडून बी राहिली."

"आन तू काय म्हणून राहिलास?"

"मी काय म्हणू? नऊ वर्षं आईचं तिनं केलं. तवा तरी मी कुठं काय म्हणलो?"

गुरुबसप्पा चहा पिऊन गेले.

नांदेडच्या स्पर्धेचं मॅडमनीच काढलं. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि सगळं लागोपाठ. नवख्यांसाठी अंतर कमी ठेवलेलं होतं.

"तिन्ही? एका दमात?"

"मधी चहाची सुट्टी न्हाई, ताई."

जानेवारीतल्या एका शनिवारी दुकानाच्या टेम्पोत दोन सायकली टाकून मलप्पानं दोघींना नांदेडला नेलं. मॅडमच्या बहिणीकडं मुक्काम केला. सकाळी तलावावर गेले तर थंडीनं पाण्यावर वाफा धरलेल्या. बाईंनी लांब बाह्यांचा काळा पोशाख घातला होता. रांगेत त्यांची पाळी आली तेव्हा हरिओम नावाच्या पंचांनी त्यांच्या गळ्याकडं बोट केलं. काळ्या दोऱ्यात चांदीची डबी होती, डबीत इष्टलिंग.

"बाई, गळ्यातलं काढून ठेवा. पाण्यात दोरा अडकला तर फास बसतो."

"हे काढत न्हाईत."

"सगळ्यांनी काढलंय. मंगळसूत्रंसुद्धा."

"मंगळसूत्र मी बी काढलंय. हे न्हाई निघत. हे माणूस गेल्यावर बी त्याच्यासंगंच जातं."

मागं रांग थांबली. हरिओम माणूस वाईट नव्हता. नियमाचं कारणही खरं होतं. तो म्हणाला, "मग मी तुम्हाला पाण्यात सोडू शकत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि रांगेतून बाजूला झाल्या. चिडल्या नाहीत की रडल्या नाहीत. एवढे महिने केलं ते वाया गेलं असंही त्यांच्या मनात आलं नाही. नाही तर नाही. मॅडम मात्र तावातावानं पंचांशी बोलू लागल्या. कठड्यापलीकडं उभा असलेला मलप्पा हे सगळं बघत होता. तो तिथूनच ओरडला, "अगं, दंडाला बांध की! आमचे आजोबा नांगर धरताना दंडालाच बांधायचे!"

बाईंनी हरिओमकडं बघितलं. त्यानं क्षणभर विचार केला. "बाहीच्या आत घट्ट बसलं तर चालेल."

मॅडमनी ओढणीची पट्टी फाडून डबी दंडाला बांधली, वरून बाही ओढली. हरिओमनं बोटानं चाचपून पाहिलं आणि मान हलवली.

पाणी बर्फासारखं होतं. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. तिसरीत मधोमध कुणाचा तरी पाय त्यांच्या तोंडावर बसला, नाकात पाणी गेलं आणि पहिल्या महिन्यातली ती धडधड परत आली. त्यांनी पाण्यावर ताणलेला दोर धरला. दोर धरायची मुभा होती, ओढून पुढं सरकायची नव्हती. काठावरून मॅडमचा आवाज आला नाही, कारण मॅडम पुढं निघून गेल्या होत्या. बाई दोराला लोंबकळून खोकत राहिल्या, श्वास जागेवर आला तेव्हा सोडून निघाल्या. उरलेल्या फेऱ्या त्यांनी मान वर ठेवून, म्हातारं कासव पोहतं तशा पुऱ्या केल्या.

ओल्या अंगावर सलवार चढवून त्या सायकलवर बसल्या. शहराबाहेरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना हरभरा आणि ऊस. सगळे पुढं गेलेले. परतीच्या वाटेवर साखळी उतरली. बाईंनी सायकल उलटी केली, साखळी बसवली, काळे हात सलवारीला पुसले. पुन्हा बसताना त्यांच्या ध्यानात आलं, की सकाळपासून आपल्याला कुणी हाक मारलेली नाही. हाक येईल म्हणून कान लागलेलाही नाही. त्या थोडा वेळ तशाच एक पाय जमिनीवर टेकून थांबल्या. यात आनंद मानावा की अपराध, हे त्यांना ठरवता येईना. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरनं भोंगा वाजवला, तेव्हा त्या निघाल्या.

पळण्यात खरं पळणं थोडंच होतं. पोटऱ्या लाकडाच्या झाल्या होत्या. दोन खांब पळायचं, तीन खांब चालायचं असं करत त्या आल्या. त्यांच्या मागं एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांनी वाटेतच हात टेकले. म्हणजे पोचलेल्यांत बाई शेवटच्या. बक्षिसं देऊन झाली होती, मंडप काढायला माणसं शिडीवर चढली होती. हरिओमनं स्वतः पुढं येऊन पदक गळ्यात घातलं आणि म्हणाला, "शाब्बास बाई."

मलप्पा पाण्याची बाटली घेऊन आला. "झालं?"

"झालं."

मॅडम बहिणीकडं राहिल्या. टेम्पोत बसल्याबरोबर बाईंना झोप लागली, ती इतकी, की वाटेतलं लोहा कधी गेलं ते कळलंही नाही. अहमदपूरच्या एसटी स्टँडासमोर मलप्पानं गाडी थांबवली. त्यांनी उतरायला पाय उचलला, पाय उचलेना. मग मलप्पाच हॉटेलातून दोन कप हातात धरून, रस्ता ओलांडून आला. अर्धा चहा बशीत सांडला होता. त्यानं कप त्यांच्या हाती दिला आणि पदक उचलून नखानं टिचकी मारली, कान लावला.

"पितळ न्हाई. जस्त हाय, वरून पिवळं पाणी दिलंय."

"असू द्या," शिवकन्याबाई म्हणाल्या, आणि बशीतला चहा आधी पिऊन टाकला.