मेर्वीबाईंचं चेहऱ्याचं बटण

दूर उत्तरेच्या थंड औलू शहरातल्या मेर्वी हौताला बाई काही जन्माच्या संशयी नव्हत्या. सव्वीस वर्षं त्यांनी मोबाइलच्या टॉवरांसाठी प्रोग्रॅम लिहिले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला 'तू खरा आहेस का?' असं विचारायची वेळ कधी आली नाही. मग कंपनीने तो विभागच बंद केला आणि सत्तावन्नाव्या वर्षी बाई घरी बसल्या. चौदा महिन्यांत एकेचाळीस अर्ज केले. त्यातल्या एका बोगस कंपनीने नोकरी देतो म्हणून पासपोर्टची प्रत मागून घेतली आणि पोबारा केला. तेव्हापासून बाई ताकही फुंकून प्यायला लागल्या.

त्यामुळे एका नव्या कंपनीने तीन मुलाखती नुसत्या पडद्यावर घेतल्या, तेव्हा इथेही पाणी मुरतंय असं त्यांना वाटलं.

"साधं कॉफीला बोलावलं नाही गं! कॉफी न पाजता कोण माणूस पारखतं?"

"आई, आता सगळे असंच करतात," मुलगी ईदा म्हणाली. "तू फक्त ते चेहऱ्याचं बटण चालू ठेव."

हे बटण ईदानेच पहिल्या मुलाखतीआधी चालू करून दिलं होतं. सुरकुत्या गायब, डोळ्यांखालची वर्तुळं गायब, बाई एकदम पंचेचाळिशीच्या! बाईंना ते पटलं नव्हतं. पण खऱ्या चेहऱ्याला तरी कोण विचारत होतं?

चौथ्या, शेवटच्या मुलाखतीला यार्क्को नावाचा तिशीतला टीमप्रमुख समोर आला. पडद्याजवळ वाकून बाईंचा चेहरा निरखू लागला.

"राग मानू नका, पण जरा हात चेहऱ्यासमोरून फिरवता? गेल्या महिन्यात एकाला नोकरी दिली, तर तो चेहराच कॉम्प्युटरने बनवलेला निघाला. असा चेहरा हात आडवा गेला की हलतो."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "आधी तुम्ही फिरवा! तुम्ही खरे कशावरून?"

यार्क्कोने मुकाट्याने हात फिरवला. नाक, दाढी, सगळं जागच्या जागी राहिलं.

आता बाईंची पाळी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही; बाईंनी घाईतच हात उचलला. तो आडवा गेला, पडद्यावरचा गाल थरथरला, डोळ्याखाली एक खरी सुरकुती उमटली आणि लगेच गडप झाली. दोघांनीही ती बघितली.

"झालं तर मग," म्हणत यार्क्को कॉल बंद करायला वाकला.

"थांबा!" बाई ओरडल्या. धडपडत त्यांनी ते बटण बंद केलं. "हा माझा चेहरा. अठ्ठावन्न वर्षांचा. लाज वाटली म्हणून झाकला."

यार्क्कोने कॉल बंद करायला नेलेला हात मागे घेतला.

"मग आजवरची उत्तरं तरी तुमची होती का?"

हे मात्र काळजाला लागलं. एका बटणापायी सव्वीस वर्षांची अक्कल खोटी ठरत होती! बाईंनी कॅमेरा जवळ ओढला.

"पहिल्या प्रश्नापासून विचारा."

"सर्व्हर अचानक बंद पडला. पहिला संशय कोणावर?"

"स्वतःवर. काल मीच काय बदललं, ते आधी बघते."

यार्क्कोने टिपणं चाळली. "पहिल्या वेळी तुम्ही नेटवर्क म्हणाला होतात."

"तेव्हा अर्धं लक्ष चेहऱ्यात होतं."

यार्क्को पहिल्यांदाच हसला. मग दीड तास त्याने सगळे प्रश्न पुन्हा विचारले. शेवटी म्हणाला, "सोमवारी आठला ऑफिसात कामावर या. पत्ता पाठवतो. कॉफी आठलाच होते."

"पत्ता खरा आहे ना?" मेर्वीबाईंनी विचारलं.