गाडी अकरा दिवस मुक्कामी

किस्से काही कुणी ठेवायला आणून देत नाही. चहाच्या भांड्याच्या बुडाला काजळी धरते, तसे ते टपरीवर आपोआप धरतात. मी येरमाटोल्याच्या बस थांब्यावर तीस वर्षं चहा विकला, तेव्हा बुडाला किती थर असतील ते तुम्हीच समजा. आज एकच थर खरवडतो, संपाचा. मी शाळेत गेलो नाही, म्हणून मी बोलतो अन माझी नात लिहिते. माझं बोलणं ती जरा धुऊन घेते. फार धुऊ नको, रंग जाईल, एवढं तिला सांगून ठेवलं आहे.

आमचं गाव आलापल्लीहून दहा कोस आत, सागवानाच्या जंगलात. रस्ता आमच्याकडे येऊन संपतो. चंद्रपूरची लाल गाडी संध्याकाळी यायची, रातभर इथंच राहायची अन सकाळी सहाला परत निघायची. म्हणून ती मुक्कामी गाडी. ड्रायव्हर नामदेवराव अन कंडक्टर शेख मास्तर शाळेच्या पडवीत झोपायचे अन चहाला माझ्याकडे यायचे.

नामदेवरावांना एक खोड होती. वीस वर्षं घंटीवर गाडी हाकलेला माणूस. एक टोला थांब, दोन टोले चल. चहा पिऊन झाला तरी ते बाकावरून उठायचे नाहीत. शेख मास्तर रिकाम्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचे, टण टण, मग उठायचे. मी एकदा विचारलं, "काऊन जी, पाय आपल्या मनानं नाई चालत काय?"

"सवय आहे भाऊ. घरी बायको परातीवर वाजवते."

*

ऐंशीच्या पुढची दिवाळी. आमच्या घरी दिवाळीचं तसं काही नसतं, पण सुट्टी तर सगळ्यांचीच. माझी लहान पोरगी सुजाता चंद्रपूरला हॉस्टेलात राहून शिकत होती. गावातून कॉलेजात गेलेली पहिली पोरगी. माझ्या बायकोनं, जनाबाईनं, एकाच अटीवर तिला पाठवलं होतं.

"सुट्टी लागली का पोट्टी घरी आली पाह्यजे. एका सुट्टीले जरी नाई आली, तं कॉलेज बंद."

हॉस्टेलात ज्याची ताटली त्यानंच न्यायची. जनाबाईनं नवी कोरी स्टीलची ताटली घेतली, दुकानातून तिच्यावर पोरीचं नाव कोरून आणलं अन स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली. अट अन ताटली, दोन्ही एकाच पेटीत गेल्या म्हणा.

त्या साली हॉस्टेलला सुट्टी लागायच्या आदल्या रात्री गाड्यांचा संप सुरू झाला. अन आमची मुक्कामी गाडी नेमकी आमच्या गावात. पोरं तिकडं, गाडी इकडं. गावात गाडी असून गावाला गाडी नाही.

गुरुजींच्या रेडिओवर बातमी आली तशी नामदेवरावांनी गाडी सरळ लावली, चारही चाकांना दगड दिले अन मला म्हणाले, "भाऊ, आता दोन चहा. घाई नाई."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सारं गाव पळत सुटलं. कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या डोक्यावर गाठोडं, एकीच्या काखेत कोंबडी. संप मिटला, संप मिटला म्हणत सगळे गाडीत चढले अन जागेवरून भांडू लागले.

नामदेवराव खिडकीतून म्हणाले, "उतरा जी. बॅटरी उतरू नये म्हणून सुरू केली."

मग हे रोजचंच झालं. सकाळी दहा मिनिटं इंजिन चालायचं अन बंद व्हायचं. बाकीचे समजले, पण मडावी पाटील समजले नाहीत. त्यांचा माणिक बल्लारपूरला शिकत होता. तीन सकाळी पाटील पिशवी मांडीवर घेऊन पहिल्या सीटवर बसून राहिले. चौथ्या दिवशी शेख मास्तर म्हणाले, "पाटील, रोज येता, पास काढून देऊ काय?"

*

गाडीच्या माणसांना रोज जेवायला कोण घालणार? पंचांनी पाळी लावली, रोज एक घर. त्यातून संपाचं खरं मत बाहेर पडलं.

गावाचे दोन भाग झाले होते. गुरुजी संपाच्या बाजूचे. ते म्हणत, "हे लोक ऊन नाई पाहत, पाणी नाई पाहत. त्याइच्या पोटाचं कोण बोलन?" पाटील विरुद्ध बाजूचे. ते म्हणत, "आमची पोट्टी तिकडं अडकून पडली, ते कोणाच्या पोटची आहेत?" रोज संध्याकाळी माझ्या टपरीवर हीच गोष्ट. अन मला दोघांचंही पटायचं. जनाबाई म्हणायची, "तुमाले तं चहा विकला म्हणजे सगळंच पटते."

तोंडावर नामदेवरावांना कुणी काही म्हणत नसे. पाहुणा तो पाहुणा. पण पाचव्या दिवशी ते मला हळूच म्हणाले, "भाऊ, मले आता कोणाले विचाराचं काम नाई. वरणात दाळ दिसली तं घर संपाच्या बाजूचं. वाटीचं बूड दिसलं तं विरोधात."

"अन पाटलाच्या घरी?"

"पाटलाच्या घरी वाटीत माझंच तोंड दिसलं."

*

आमच्या घरची पाळी सहाव्या दिवशी आली. हॉस्टेल रिकामं होऊन चार दिवस झाले होते अन सुजाता कुठं आहे, काहीच समजत नव्हतं. जनाबाईनं वरण घट्ट केलं, भाजीही केली. सगळं नीट वाढलं अन चुलीकडं तोंड करून बसली. ड्रायव्हर खाली मान घालून जेवत होते.

शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, वरण घट्ट आहे. म्हणजे तुमी संपाच्या बाजूनं काय?"

जनाबाई म्हणाली, "मी माह्या पोरीच्या बाजूनं आहो. जेवा."

नंतर हात धुताना मी तिच्या अटीची गोष्ट त्यांना सांगितली. गाडी चालवा असं म्हणालो नाही. त्यांचेही साथीदार होते, त्यांनीही शब्द दिला होता. माणसाला जेवायला बसवून त्याचा शब्द मोडायला लावणं मला बरं वाटलं नाही. त्यांनी हात पुसले अन म्हणाले, "माहा पोरगाबी नागपूरले हॉस्टेलात आहे, भाऊ. तोबी तिथीच."



*

आठव्या दिवशी पाटलांचा माणिक चालत गावात शिरला. बल्लारपूरला कागदासाठी बांबू टाकून रिकामे परतणारे ट्रक असतात, तशा एका ट्रकनं आलापल्लीपर्यंत आला अन पुढचे दहा कोस पायी. धुळीनं असा माखला होता की घरच्या कुत्र्यानं ओळखलं नाही. पाटलांनी त्याला थेट टपरीवर आणलं, नामदेवरावांच्या समोर उभं केलं.

"पाहा. हे पाहा पोराचे हाल. तुमच्या संपानं."

माणिक म्हणाला, "बाबा, संपानं नाई. संपाच्या मोर्च्यात होतो मी, म्हणून उशीर झाला."

पाटील बाकावर बसले. मी न विचारता चहा ठेवला. त्या दिवशी पाटलांच्या घरून नामदेवरावांना अंडी आली. माणिकच्या आईनं पाठवली, पाटलांनी नाही, हे पाटील आजही सांगतात.

पण माणिकनं आणखी एक बातमी आणली होती. सुजाता चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला एका मैत्रिणीच्या घरी थांबली होती. त्याच ट्रकमध्ये, ड्रायव्हरजवळ बसून, तीही आलापल्लीला आली होती. पण ट्रकमधून उतरताना पाय मुरगळला. चालणं होईना म्हणून जनाबाईच्या मावशीकडे राहिली.

जनाबाईनं ऐकून घेतलं अन चुलीत लाकूड सारलं. "म्हणजे नाई आली."

"दहा कोसावर आहे ना," मी म्हणालो. "उद्या पाटलाची बैलबंडी घेऊन जातो."

"तुमी आणसान तं तुमी आणली. ते आली नाई. गाडी नसन तं माही पोट्टी घरी येऊ शकत नाई, हे समजलं मले. मंग कायले पाठवाची एवढ्या दूर?"

टपरीवर बसलेल्या नामदेवरावांना हे सगळं ऐकू गेलं. घर अन टपरी यांच्यात बांबूच्या एका तट्ट्याचंच अंतर.

*

सकाळी मी बंडी मागायला निघालो तर शाळेपुढं गुरुजींचा आरडाओरडा. सायकल चोरीला गेली! अख्ख्या गावात दोनच सायकली, त्यातली चांगली ती. पाटील म्हणाले, "आता समजलं संप काय असते?"

मी पडवीत पाहिलं. नामदेवरावांची वळकटी होती, नामदेवराव नव्हते. शेख मास्तर दात घासत होते. मी विचारलं, "साहेब कुठी गेले?"

शेख मास्तरनी चूळ भरली. "ड्यूटीवर."

"संपात ड्यूटी?"

"सायकलले संप नाई लागू."

दुपार कलली तेव्हा रस्त्याच्या वळणावर सायकल दिसली. समोर नामदेवराव, घामानं खाकी शर्ट काळा झालेला. मागं कॅरेजवर सुजाता, पायाला फडकं बांधलेलं, एका हातात पिशवी, एका हातात ताटली. पाटील टपरीसमोर उभे होते. त्यांनी वर सूर्याकडं पाहिलं अन म्हणाले, "गाडी लेट."

सुजाताला हसू आवरत नव्हतं. आईला सांगू लागली, "आई, वाटेत सात थांबे आहेत ना? सातही थांब्यावर सायकल थांबवली यायनं. माणूस नाई, कुत्रं नाई, तरी थांबवली. अन मंग निघेच ना. मी म्हटलं, काका, काय झालं? तं म्हणतात, घंटी दे. मंग मी ताटलीवर दोनदा वाजवलं, तवा पायडल मारलं."

सारी टपरी हसली. नामदेवराव ओशाळून म्हणाले, "सवय आहे, बाई."

जनाबाई हसली नाही. तिनं पोरीला आत नेलं, पाय शेकला, ताटली धुतली अन मांडणीवर घरच्या भांड्यांत लावून टाकली.

ताटली मांडणीवर गेली, तेव्हाच मी समजलो, पोरीला परत पाठवायचं हिच्या मनात नाही.

*

अकराव्या दिवशी संध्याकाळी गुरुजींचा रेडिओ लागला. त्यातले सेल संपत आले होते. नवे सेल आलापल्लीहून गाडीनं यायचे, अन गाडी तर आमच्या समोर उभी. गुरुजी रोज ते सेल उन्हात ठेवायचे अन फक्त बातम्यांपुरता रेडिओ लावायचे. सारं गाव कान देऊन बसलं. रेडिओ म्हणाला, "राज्यातील वाहतूक कर्मचाऱ्यांचा संप," अन बंद पडला.

आता संपाचं काय? मिटला की वाढला? गुरुजी म्हणाले, "आवाज आनंदाचा होता." पाटील म्हणाले, "मले तं चिंतेचा वाटला." त्यावर तासभर चाललं. शेवटी सकाळी जंगल खात्याचा गार्ड सायकलनं आला तेव्हा समजलं की मिटला.

नामदेवरावांनी चाकांचे दगड काढले. काढून फेकले नाहीत, माझ्या टपरीमागं नीट रचून ठेवले. "राहू द्या भाऊ. पुढच्या खेपेले."

*

गाडी पुन्हा रोज येऊ लागली. सुट्टी सरत आली. जनाबाई हो म्हणेना, नाही म्हणेना. मी म्हणालो, "पोट्टी आली ना सुट्टीले? अट पुरी झाली."

"ड्रायव्हर आपल्या गावात अडकला होता म्हणून आली. पुढच्या संपात तो दुसऱ्याच्या गावात राहीन, मंग?"

मी टपरीवर जाऊन चहाचं भांडं चढवलं.

निघायच्या दिवशी सुजातानं स्वतःच पेटी भरली. ताटली मागितली नाही. आईच्या पाया पडली. मी पेटी उचलली अन थांब्यावर आणली. जनाबाई मागून आली, पदर सारखा करत, अन गाडीपासून चार हात दूर उभी राहिली. सुजाता खिडकीजवळ बसली. तिनं आईकडं पाहिलं नाही, मांडीवरच्या हातांकडं पाहत राहिली.

सहा वाजले. शेख मास्तरनी दोरी ओढली. टण टण.

गाडी हलली नाही.

शेख मास्तरनी पुन्हा ओढली. टण टण. इंजिन चालू, गिअर टाकलेला, नामदेवरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर अन नजर समोर. आतून पाटलांचा माणिक ओरडला, "काका, डबल झाली ना."

"ऐकू नाई आली," नामदेवराव म्हणाले.

"तिसऱ्यांदा देऊ काय?" शेख मास्तर.

"तुमची नाई."

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. गुरुजी माझ्याकडं पाहू लागले. मी जनाबाईकडं पाहिलं. ती तशीच उभी होती. इंजिन घुरघुरत होतं. टपरीवरचा चहा उतू गेला, पण भांडं उतरवायला मी हललो नाही.

मग जनाबाईनं पदराखालून ताटली काढली अन हातातल्या बांगडीनं तिच्यावर दोनदा वाजवलं.

गाडी सुटली. नाल्याच्या पुलावरून पलीकडं गेली तेव्हा आमच्या ध्यानात आलं की ताटली जनाबाईच्या हातातच राहिली आहे.