मिटायचा चाकू

जंबेरीचं पान चुरगळलं की त्या वासानं आजही माझी बोटं आखडतात. करमाडला आमची मोसंबीची रोपवाटिका होती. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खोडात मोसंबीचे डोळे भरायचं, कलम करायचं काम वडील स्वतः करायचे. पुढं त्यांचे हात थरथरायला लागले आणि बिनखटक्याचा जुना चाकू एकदा त्यांच्या बोटावरच मिटला, म्हणून मी शहागंजच्या बाजारात नवा घ्यायला गेले. दुकानदार चाचांनी दोन उघडून दाखवले. एकाचा पातं अडकवणारा खटका पाठीवर होता, दुसऱ्याचा खटका म्हणजे मुठीच्या आतली पोलादी पट्टी. "पट्टीवाला लई पक्का बसतो ताई," ते म्हणाले, "पन मिटताना अंगठा पात्याखाली येतो. पाठीवालाच घ्या." मी पक्केपणाला भुलले. दुसऱ्या दिवशी वाफ्यात वडिलांनी डोळा सुरेख काढून खोडात बसवला. मग चाकू मिटायला पट्टीवर अंगठा आत घातला. पट्टी सरकली, पातं अंगठ्यावर कललं आणि हाताची थरथर थांबेना. कसाबसा त्यांनी अंगठा ओढून घेतला. उघडा चाकू कुणाच्या हाती दिला की भांडण होतं, म्हणून तो कायम मिटून, जमिनीवर ठेवूनच देणाऱ्या वडिलांनी उघडं पातं माझ्यापुढं धरलं. "तूच मीट बाई," ते म्हणाले. परत त्यांनी डोळा भरला नाही. आज सकाळी त्याच चाकूनं मी एक फांदी कापली. माझाही अंगठा आता एका जागी राहत नाही. चाकू ओट्यावर उघडाच पडलाय, आणि मी लेक कामावरून यायची वाट बघतेय.