पळालेली गोडी

नीवेसच्या हातांना बारा महिने द्राक्षांचा वास यायचा. व्हेरोनाजवळ आदिजे नदीच्या काठी तिचं घर, घरामागे टेकडीवर चढत गेलेला मळा, आणि त्यात ती एकटी. लग्न का केलं नाही, हे गावाने विचारून विचारून सोडून दिलं होतं.

बाप मरताना मळा तिच्या नावावर करून गेला. धाकटा भाऊ ओलिंदो तेव्हा अंगणात उभा राहून ओरडला, "म्हाताऱ्याला गोड बोलून गुंडाळलंस तू!" आणि महिन्याभरात अर्जेंटिनाच्या बोटीत बसला. नीवेसने बापाकडे कधी काही मागितलं नव्हतं. पण त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, तो नाहीच.

तेव्हापासून ती दर हंगामात भावाचा वाटा काढू लागली. द्राक्षांच्या घडाला वरच्या अंगाला दोन्हीकडे छोटे झुपके फुटतात, त्यांना तिकडे कान म्हणतात. ऊन आधी कानांना लागतं, म्हणून साखर त्यांच्यात जास्त. हे कान वेगळे खुडायचे, माळ्यावर वेताच्या तट्ट्यांवर नाताळ उलटेपर्यंत सुकवायचे आणि त्यांची मधासारखी दाट, गोड वाइन करायची. घरचं माणूस परमुलखात असलं तर त्याच्यासाठी तळघरात एक लहान पिंप राखायचं. ते परतलं की पहिला पेला त्याच्या हाती. तुझा वाटा ठेवलाय, एवढाच त्या पेल्याचा अर्थ, आणि तो लहान पोरालाही कळतो. अंगणात जे बोलता आलं नाही ते हा पेला बोलेल, या आशेवर नीवेस जगत होती. भाऊ आला नाही की पुढच्या हंगामाला ते पिंप पुलाजवळच्या गेल्मिनोच्या गुत्त्यात जायचं, आणि नवं भरलं जायचं.

मधे लढाई झाली. जर्मन जाताना पूल उडवून गेले. गावाने नदीत पडलेले दगड वर काढून तो पुन्हा उभा केला. आणि एका थंडीत निरोप आला: उन्हाळ्यात ओलिंदो येतोय.

त्याच साली नदी चढून तळघराच्या पायऱ्यांना लागली होती. नीवेसचा जीव पिंपात अडकला. नदीचा भरवसा नको म्हणून तिने ते वर आणवलं आणि ओलिंदोच्या जुन्या खोलीत, स्वयंपाकघराच्या धुराड्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. त्याच्या आधी चाखायचं नाही, स्वतःसुद्धा नाही, असं तिने ठरवलं.

ओलिंदो आला तो पाहुण्यासारखा. डोक्याला पांढरी टोपी, गळ्यात कॅमेरा. पुलाचा फोटो काढून म्हणाला, "हा आपला पूल नव्हे."

"दगड तेच आहेत रे," नीवेस म्हणाली. "नदीतून वेचलेत."

"तेच दगड, पण रचले दुसऱ्यांनी. घर तरी ओळखू येतं का बघू."

तिने मक्याच्या पिठाचा पोलेंता केला होता, सोबत भाजलेलं सॉसेज. त्याने ताट निपटलं. मग तिने पिंपाचं बूच काढलं, पेला भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला. कान लालबुंद झाले होते तिचे, पोरीसारखे.

ओलिंदोने घोट घेतला. तोंड आवळलं. आणखी एक घेतला, खात्री करून घेतल्यासारखा.

"हा माझा वाटा?"

नीवेसने पेला ओढून ओठाला लावला. गोडीचा मागमूस नव्हता. जिभेवर कोरडा, काळा कडवटपणा उतरला. धुराड्याच्या उबेने महिनोन् महिने ती वाइन आतल्या आत आंबत राहिली होती आणि सगळी साखर खाऊन बसली होती.

"गोडी पळाली, ओलिंदो! मी पिंप वर आणलं, नदीच्या भीतीने... भिंत गरम होती..."

"या घरातून पळाला तो मी. आता दोष वाइनवर ढकलतेस?"

"देवाशपथ, कानांचीच आहे! माझ्या हाताने खुडलेत!"

"तेव्हा गोड बोललीस आणि मळा घेतलास. आता कडू पाजून दार दाखवतेस. निदान आता तरी खरं वागलीस, नीवेस."

तिने पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा काही फुटेना. त्याने टोपी उचलली, आणि संध्याकाळच्या बसने तो व्हेरोनाला गेला.

दुसऱ्या दिवशी गेल्मिनो डोकावला. पेल्यात उरलेलं त्याने न विचारताच तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "नीवेसबाई, हे काय केलंत? वाईट म्हणवत नाही. जड आहे, कडू आहे, पण सोडवत नाही. रविवारी नदी बघायला येणारे मिलानवाले यावर तुटून पडतील."

"घेऊन जा."

"सगळं?"

"सगळं. पिंपासकट."

मिलानवाले खरंच तुटून पडले. नदीकाठच्या बाकांवर बसून, पेला उजेडात धरून ते त्या वाइनची तारीफ करत. गेल्मिनोने ते कौतुक तिला येऊन सांगितलं आणि पुढच्या साली अशीच करा म्हणाला.

"जमायचं नाही," ती म्हणाली. "ती ठरवून होत नाही."

भाऊ आला होता का, असं गावात कुणी विचारलं, तर नीवेस मान हलवायची. "आला होता. जेवून गेला," एवढंच म्हणायची, आणि डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधत टेकडी चढू लागायची.