आत बघा, मंडळी

इथं ग्रुपवर अनुभव लिहिताना सगळे "मंडळी" म्हणून सुरुवात करतात. मी तेवढा शब्द सोडून लिहिते... तो आमच्या ह्यांचा होता. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "मंडळी, चहा होईल का?", "मंडळी, चष्मा दिसला का?" — हेच.

आणि भुताखेतांवर म्हणाल तर माझा काडीचा विश्वास नाही. अमावस्येला रस्त्यावरचं लिंबू ओलांडून भाजी आणणारी बाई आहे मी.

राहते गारखेड्यात. घरात मी आणि वन्सं, म्हणजे ह्यांची मोठी बहीण. मूळच्या कन्नड गावच्या. तिकडं कुणी उरलं नाही, म्हणून हे त्यांना घेऊन आले. बाई लई सोशिक. काही विचारा, उत्तर एकच — "मला काय धाड भरलीय!" हे जाताना मला म्हणाले, "अक्का सांगायची नाही. तुम्हीच बघत जा."

आता कॉम्प्युटरचं सांगते. ह्यांचा कॉम्प्युटर जुना. एका उन्हाळ्यात तापून बंद पडला, तेव्हा ह्यांनी इंटरनेटवरचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. प्रोसेसर किती तापलाय तो आकडा घड्याळाशेजारी दिसतो, आणि ऐंशीच्या वर गेला की शिट्टी वाजते. मला स्वयंपाकघरात ती कुकरचीच वाटायची! म्हणून ह्यांनी शिट्टी काढून स्वतःचा आवाज भरला — "ताप बघा, मंडळी." की मी पदराला हात पुसत जायचे आणि टेबलफॅन तिकडं फिरवायचे.

हे गेल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तो आवाज काढून टाकू का?"

"हात तर लावून बघ!" म्हटलं.

गेल्या मे महिन्यातली दुपार. वन्सं जेवून आतल्या खोलीत आडव्या झालेल्या. मी बाहेर कूलरसमोर बसून तुमचेच अनुभव वाचत होते.

"ताप बघा, मंडळी."

आकडा बघितला तर पन्नाससुद्धा नाही! म्हटलं, सॉफ्टवेअरला पण म्हातारचळ लागला. तरी फॅन फिरवला.

जरा वेळानं पुन्हा — "ताप बघा, मंडळी."

"अहो, बघितला की!" मी मोठ्यानं बोलून गेले... सवय हो.

मग तिसऱ्यांदा — "आत बघा, मंडळी."

आत? म्हटलं, कॉम्प्युटरच्या डब्यात धूळ साचली असेल. कॉम्प्युटर बंद केला, स्क्रूड्रायव्हर शोधला, बाजूचं झाकण काढून आत हात घातला. सगळं कोमट. धूळही फारशी नाही. मला हसूच आलं. वन्संना सांगावं म्हणून उठले, "वन्सं, तुमचा भाऊ अजून मला कामाला लावतोय बघा..." असं म्हणत दार लोटलं.

भर मे महिन्यात वन्सं डोक्यावरून गोधडी घेऊन कुडकुडत होत्या. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"वन्सं, हाक मारायची नाही का हो?"

दात वाजत होते, तरी म्हणतात, "काय नाय गं... पड तू जरा." आणि डोळे फिरवले.

शेजारणीला ओरडून बोलावलं, रिक्षात घालून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "आजी, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..." वन्सं वाचल्या. हे लिहितेय तेव्हा शेजारी बसून शेंगा सोलतायत.

मुलगा पुण्याहून धावत आला. मी आवाजाचं सगळं सांगितलं, तर उघडा पडलेला कॉम्प्युटर बघून म्हणाला, "आई, स्पीकर कशावर चालले?"

बघते तर स्पीकरची पिन जमिनीवर! सकाळी मीच काढली होती, कूलर लावायला. बोर्डावर दुसरी जागाच नाही.

"अरे, मग डब्यातून आला असेल आवाज."

"डबा टूं टूं करतो आई, बोलत नाही. उन्हानं भास झाला तुला."

असेल बाबा. तो कॉम्प्युटरमधला माणूस. पण मी त्याला स्पीकर जोडायला लावले आणि ह्यांचा तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. "ताप बघा, मंडळी." एवढंच आहे. "आत" हा शब्द त्यात कुठंच नाही.

कुणाला उलगडा होत असेल तर सांगा, मला तर होत नाही. मुलगा गेल्यावर मी स्पीकरची पिन काढून कूलर पुन्हा तिथंच लावला. आता दुपारी आवाज येवो न येवो, अधूनमधून आपली म्हणते, "बघते हो"... आणि आत जाऊन वन्संच्या कपाळाला हात लावून येते.