आर्वी लाइनीची गिट्टी

जोसेफ गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, मी तिथंच होतो. वर्ध्याच्या दवाखान्यात, त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी. त्याला आता महिना होऊन गेला. गणपतीच्या नाटकांत मी इतक्या वेळा मेलोय, की माझं मरण पाहायला लोक पुढच्या रांगेत जागा धरतात. पण खरं मरण समोर आलं तेव्हा हात कुठं ठेवायचे तेही मला कळेना...

जोसेफ आमच्या पुलगावचा. त्याचे वडील सायमनकाका आर्वीच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. गाडी एवढी सावकाश जायची, की काका मधेच उतरून बोरं तोडून पुन्हा चढतात, असं मी गावभर सांगत असे. काका फक्त एक दुरुस्ती करत. "बोरं नाई रे, चिंचा."

नव्वदीच्या सुरुवातीला जोसेफला चर्चच्या ओळखीनं बेल्जियममध्ये शिकायला जाण्याची संधी मिळाली. निघताना काकांनी हार आणला नव्हता. त्यांनी आर्वी लाइनीच्या रुळांमधली एक गिट्टी, खडीचा दगड, उचलून त्याच्या हातात दिली. "बाकी सगळं तिकडं भेटते म्हणतात. हे नाई भेटत."

मी तेव्हा एसटीडी बूथ टाकला होता. काका दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या काचेच्या खोक्यात येऊन बसत, जणू पोरगा तिकडून पाहणारच होता. जोसेफ तिकडच्या चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेचं, मिसाचं, सांगायचा. "बाबा, शब्द एक समजत नाई. पण गुडघे कधी टेकायचे ते बरोबर समजते." काका रिसीव्हरवर हात ठेवून बाजूला तोंड करत आणि खोकून घेत. मग हात काढून म्हणत, "हं, बोल."

तो खोकला त्याला एकदा ऐकू गेलाच. सुट्टी लागली तशी त्यानं ठरवलं, स्पेनमध्ये पायी यात्रा करायची. आठवडेच्या आठवडे चालत जायचं, येशूच्या एका शिष्याच्या समाधीपर्यंत. वाटेत एका टेकडीवर लोखंडी क्रूस आहे. यात्रेकरू घरून आणलेला दगड तिथं ठेवतात, म्हणजे मनावरचं ओझं ठेवल्यासारखं. त्यानं आर्वी लाइनीची गिट्टी पिशवीत टाकली आणि बापाच्या छातीसाठी चालायला लागला.

इकडे काकांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "त्याले सांगू नको. देवाच्या वाटेनं निघाला तो. मी गेलो तरी तो पोहोचेपर्यंत सांगू नको."

"काका, असं काऊन बोलता?"

"तू नाटक करते ना? मंग कर."

मी केलं. स्पेनमधल्या खेड्यांतून जोसेफचा फोन यायचा आणि मी सांगायचो, बाबा मजेत आहेत, भजी खाऊन राह्यले, माझ्या काउंटरवर बसून माझीच टिंगल करून राह्यले. काकांचा आवाजही काढून दाखवायचो. तो तिकडं खळखळून हसायचा.

काकांना आम्ही पुरलं. मुलाच्या जागी पहिली मूठभर माती मी टाकली. दोनच दिवसांत फोन आला. "ठेवली रे गिट्टी. इतकं हलकं वाटून राह्यलं... बाबाले सांगजो."

"सांगतो," मी म्हणालो. नखांत अजून माती होती.

तो समाधीपर्यंत पोहोचला तेव्हा मी खरं सांगितलं. तो रडला नाही. एवढंच विचारलं, "मी हलका झालो तेव्हा बाबा कुठं होते?" मी सांगितलं.

तो परतला, इथंच शाळेत लागला, लग्न केलं. माझ्याशी बोलणं कधी तोडलं नाही, हीच माझी खरी शिक्षा. दर वर्षी मृतांच्या स्मरणदिनी मला कबरस्तानात न्यायचा, मेणबत्तीशेजारी नवी गिट्टी ठेवायचा आणि म्हणायचा, "तू बाबाचा शब्द पाळला. तुह्यावर राग कसा धरू?" राग त्यानं स्वतःवर धरला होता. बाप मातीत असताना आपण आनंदानं चालत होतो, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

यंदा मार्चमध्ये तोच पलंगावर, आणि माझं मनगट पुन्हा कुणाच्या तरी हातात. त्याची पोरगी नागपूरला वसतिगृहात, दहावीचे पेपर चालू. "तिले सांगू नको. दोनच पेपर राह्यले."

वहिनी दारात उभ्या होत्या. "मी शब्द देऊन बसले, भाऊजी. तुमचं तुम्ही पाहा."

मीही मान हलवली होती. तरी खाली जाऊन फोन लावला. पोरगी आली. इतिहासाचा पेपर बुडला. जोसेफनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बाबाचं ऐकलं... अन् माहं नाई ऐकलं." तो हसला की काय ते मला अजून ठरवता येत नाही. संध्याकाळपर्यंत तिचा हात त्याच्या हातात होता.

आर्वीची गाडी आता धावत नाही. दफनानंतर मी लाइनीवर जाऊन गवतातून एक गिट्टी उचलली, त्याच्या कबरीवर ठेवायला. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो. ती अजून जुन्या बूथच्या काउंटरवर आहे, काका बसायचे त्या काचेजवळ. ठेवली तर हलकं वाटेल, हीच भीती वाटते...