वाजवायची परवानगी

पोस्टाच्या खिडकीत पत्रांपेक्षा माणसंच जास्त साठतात. पत्रं संध्याकाळच्या आत वाटली जातात. माणसं मात्र डोक्यात राहतात.

बहात्तरच्या आसपास माझी नगर जिल्ह्यातल्या अकोले गावाहून शेवगावला बदली झाली. जिल्हा तोच, पण ओळखीचं एक माणूस नाही. माझ्याकडे रेडिओच्या लायसनचं काम होतं. तेव्हा रेडिओ विकत घेऊन भागत नसे. तो वाजवायला लायसनचं पुस्तक लागे, आणि ते दरवर्षी पोस्टात येऊन नवं करावं लागे. मुदत संपली की घरातला स्वतःचा रेडिओसुद्धा लावायचा नाही!

एकदा एक शेतकरी ट्रान्झिस्टर फडक्यात बांधून आले. गाठ सोडून सेट समोर ठेवला आणि शिक्का मारा म्हणाले. मी सांगितलं, शिक्का पुस्तकात मारतात, सेटवर नाही. त्यांना पटेना.

"बैल इकत घेतला तर डाग बैलाला देत्यात सायेब, पावतीला न्हाई."

शेवटी मी सेटच्या चामडी कव्हरच्या आतल्या बाजूला एक शिक्का मारून दिला. पुढं प्रत्येक बाजाराला ते कव्हर उघडून लोकांना दाखवत.

कुलकर्णी मास्तर निवृत्त होऊन एकटेच राहत. बायको गेलेली, मुलगा लांब नोकरीला. एका वर्षी मुदत संपली तेव्हा ते तापानं पडून होते. आठ दिवसांनी आले. मी म्हटलं, एवढ्यानं काही बिघडत नाही, तुम्ही घरात ऐकलंत तर कोणाला कळणार? ते म्हणाले, ऐकलं नाही. सेटवर टॉवेल टाकून ठेवला होता. मग आठ दिवस करमलं कसं, मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी कळलं, आपल्या घरात घड्याळ आहे."

वर्षातून एकदा लायसन तपासायला नगरहून इन्स्पेक्टर येत. ते एसटीतून उतरले की बातमी त्यांच्या पुढं पळायची, आणि सगळी पेठ गप्प व्हायची. चहाचं हॉटेल, शिंप्याचं दुकान, कुठंच आवाज नाही. एका वर्षी दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. मला वाटलं, चिडले असतील. चहा संपवून हळूच म्हणाले, "मी जातो तिथं रेडिओ बंद होतो. अख्खं गाणं शेवटचं कधी ऐकलं, आठवत नाही."

मी त्यांना माझ्या खोलीवर नेलं असतं. पण माझ्याकडेही रेडिओ नव्हता.

जवळच्या एका गावात रंगनाथ आणि भानुदास हे दोघे भाऊ होते. वाटणी झाली, घराच्या मधोमध भिंत आली, बोलणं बंद झालं. रेडिओ धाकट्या भानुदासाकडे गेला. लायसन मात्र थोरल्या रंगनाथच्या नावावर होतं, आणि पुस्तक त्यानं दिलं नाही. दरवर्षी तो चालत यायचा आणि आपल्याकडे नसलेल्या रेडिओचं लायसन नवं करून जायचा.

मी एकदा समजावलं, एक अर्ज करा, भावाच्या नावावर करून देतो.

"आन् मग आमच्यात उरलं काय?" तो म्हणाला. पुस्तक खिशात घालत म्हणाला, "लई मोठ्यानं लावतो त्यो. भितीतनं समदं आयकू येतं."

तिसऱ्या वर्षी ते पुस्तक घेऊन भानुदास आला. डोक्यावरचे केस काढलेले होते. दादा गेला म्हणाला. मी नवा फॉर्म काढला. लायसन आता त्याच्याच नावानं निघणार होतं.

"दादाच्या नावानं न्हाई चालनार?"

नियम नाही म्हणालो. तो बाकावर जाऊन बसला. पुस्तकातलं दादाचं नाव पाहिलं, मग उठला आणि म्हणाला, मग बंदच करून टाका. लायसन बंद करायच्या अर्जात कारण लिहावं लागे. मी विचारलं, सेट बिघडलाय का?

"न्हाई," तो म्हणाला. "चांगला वाजतोय."